आधी पेटी उघडा: बॅप्टिस्ट मंडळी, कन्व्हेन्शन आणि मिशन

सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात तुमची हकीकत अशी: कल्याणच्या पुढे, शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये भरणारी तुमची बॅप्टिस्ट मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च. बाप्तिस्मा घेतलेले सभासद नव्वदच्या आसपास, निम्मी घरं मराठी, निम्मी तेलुगू. सहा वर्षांपूर्वी ट्रस्ट नोंदवलात. आता तेलुगू भागातलं एक कन्व्हेन्शन (बॅप्टिस्ट मंडळ्यांचा संघ) म्हणतंय, आमच्यात या. त्यातच परदेशातलं एक मिशन जागेसाठी पैसे द्यायला तयार झालंय, पण मंडळी कुठल्यातरी मान्य संस्थेशी जोडलेली हवी, ही त्यांची अट. दोघे डीकन (मंडळीचं काम पाहणारे वडीलधारे) म्हणतात, स्वातंत्र्य जाईल. पाळकसाहेब म्हणतात, एकटं राहून काय मिळवलं? आणि तुम्ही विचारता: जोडून घेतलं तर नेमकं काय बांधलं जातं, आणि उद्या पटलं नाही तर बाहेर पडता येतं का? दारावरच्या बोर्डावर कन्व्हेन्शनचं नाव लिहावं का, हेही विचारलंय, ते शेवटी सांगतो.

मी पाळक नाही. बावीस वर्षं एका मंडळीचा चिटणीस होतो आणि त्यानंतर इतर मंडळ्यांची ट्रस्टची कागदपत्रं लावून देत आलो. त्यामुळे माझं उत्तर वचनांपेक्षा कागदांकडे झुकलेलं असणार, तेवढं सांभाळून घ्या.

तुमचे डीकन कन्व्हेन्शनच्या ठरावांना घाबरतायत. माझ्या पाहण्यात ठरावामुळे कुठल्या बॅप्टिस्ट मंडळीचं काही गेलेलं नाही. जे गेलं ते खरेदीखतामुळे.

एक जुनी मंडळी होती. कौलारू छप्पर, आणि एका पावसाळ्यात वेदीच्या बाजूचा वासाच बसला. दुरुस्तीची परवानगी मागायला गेलो तर पालिकेच्या माणसाने साधी गोष्ट मागितली: मालकाची एनओसी. मालक म्हणजे आपणच, असं समजून आम्ही व्हेस्ट्रीतली (उपासनेचं सामान ठेवायच्या खोलीतली) लोखंडी पेटी उघडली. आत बाप्तिस्म्याच्या वह्या, प्रभुभोजनाचे दोन जुने पेले, डांबरगोळ्या, आणि तळाशी मांजरपाटात गुंडाळलेलं इंग्रजी खरेदीखत. खरेदी करणाऱ्याच्या जागी परदेशातल्या एका मिशन सोसायटीचं नाव. प्रॉपर्टी कार्डावरही तेच. जिला तीन पिढ्या आम्ही ‘आपलं चर्च’ म्हणत होतो, त्या वास्तूत कागदोपत्री आम्ही कोणीच नव्हतो. भाडेकरूसुद्धा नाही. ती सोसायटी कधीच देश सोडून गेली होती. तिचं कुलमुखत्यारपत्र एका संस्थेकडे होतं, ती म्हणाली आता दुसरीकडे गेलंय. दोन पावसाळे निळ्या ताडपत्रीखाली उपासना केली. शेवटी एनओसी आली, पण त्या पत्रातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: ‘मंडळीस वापरण्यास दिलेली वास्तू’.

म्हणून माझ्याकडे कुणी कन्व्हेन्शनचा प्रश्न घेऊन आलं की मी म्हणतो, आधी पेटी उघडा. तुमच्याकडे अजून जागाच नाही, म्हणजे पेटीही रिकामी. हे तुमचं मोठं भाग्य आहे, कारण पहिला कागद कसा लिहायचा हे तुमच्या हातात आहे.

आता स्वातंत्र्याचं बघू. बॅप्टिस्टांत बिशप नाही. पाळक कुणी नेमायचा, कुणाला सभासद करायचं, पैसा कसा खर्चायचा, हे सगळं स्थानिक मंडळीची सर्वसाधारण सभा ठरवते. वरची म्हणून जी रचना दिसते (असोसिएशन, कन्व्हेन्शन, युनियन, कौन्सिल), ती वरची नाही, बाजूची आहे. अमेरिकेतली सगळ्यात जुनी, फिलाडेल्फियाची बॅप्टिस्ट असोसिएशन १७०७ ची. तिचाही मंडळ्यांवर अधिकार असा नव्हता. सल्ला द्यायचा आणि फारच झालं तर सहभागिता काढून घ्यायची. तिकडच्याच सदर्न बॅप्टिस्टांच्या वार्षिक सभेला मंडळ्यांकडून जे जातात त्यांना ‘प्रतिनिधी’ म्हणतच नाहीत, ‘मेसेंजर’ म्हणतात. शब्दाचा हट्ट उगाच नाही. प्रतिनिधीकडे आपण आपला अधिकार सोपवतो. मेसेंजर नुसता जातो, स्वतःच्या बुद्धीने मत देतो आणि परत येतो. तिथे पास झालेलं काहीही मंडळीवर आपोआप लागू होत नाही.

अगदी अलीकडचं उदाहरण. कॅलिफोर्नियातली सॅडलबॅक ही अवाढव्य मंडळी. तिने स्त्रियांना पाळकपद दिलं म्हणून सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने फेब्रुवारी २०२३ मध्ये तिला बाहेर काढलं आणि जूनमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सभेत त्यावर शिक्कामोर्तब झालं. निर्णय पटो न पटो, पुढच्या रविवारी सॅडलबॅकमध्ये उपासना झालीच. पाळक तेच, इमारत तीच, खातं तेच. कन्व्हेन्शनच्या हातात होतं ते एवढंच: ‘तुम्ही आता आमच्यातले नाही’ म्हणणं. तुमच्या डीकनांना हे जरूर सांगा.

मग ही कन्व्हेन्शनं निघालीच कशाला? इथे बहुतेकांचा क्रम उलटा असतो. त्यांना वाटतं आधी पंथ झाला, मग पंथाने मिशनरी पाठवले. बॅप्टिस्टांत बऱ्याच ठिकाणी मिशन आधी आणि संघटना नंतर. २ ऑक्टोबर १७९२ ला इंग्लंडात केटरिंगच्या एका घरात काही बॅप्टिस्ट पाळक जमले, तेरा पौंड दोन शिलिंग सहा पेन्स एवढ्या वर्गणीच्या आकड्यावर सोसायटी काढली आणि पुढच्या वर्षी विल्यम केरी बंगालात उतरले. कामाला पैसा लागतो, पैसा एका मंडळीचा पुरत नाही, म्हणून चार मंडळ्या एकत्र. इतकं साधं.

अमेरिकेची गोष्ट तर मजेशीर आहे, आणि तिचं एक टोक थेट आपल्या मुंबईत येतं. फेब्रुवारी १८१२ मध्ये सेलम गावात पाच तरुणांना परदेशी सेवेसाठी दीक्षा मिळाली: जडसन, नॉट, न्यूएल, हॉल आणि राइस. पाचही जण काँग्रिगेशनल (बाळांनाही बाप्तिस्मा देणारा दुसरा प्रॉटेस्टंट पंथ), त्यांना पाठवणारं मिशन बोर्डही त्यांचंच. दोन जहाजांतून ते कलकत्त्याकडे निघाले. बंगालातल्या श्रीरामपूरला आपली गाठ केरींच्या बॅप्टिस्टांशी पडणार, तेव्हा बाप्तिस्म्यावर (बॅप्टिस्ट तो बाळांना देत नाहीत, समजत्या वयातच देतात) त्यांना उत्तर द्यावं लागेल म्हणून ॲडोनिराम जडसन वाटेत अभ्यास करत बसले आणि अभ्यास करता करता स्वतःच बॅप्टिस्ट झाले! सप्टेंबरात कलकत्त्याच्या लाल बाजार चॅपेलमध्ये पतिपत्नीने पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला. थोड्या दिवसांनी ल्यूथर राइसही त्याच वाटेने गेले. आता पंचाईत अशी की ज्या बोर्डाने पाठवलं त्याचे पैसे घेणं बरोबर नाही, आणि बॅप्टिस्टांकडे बोर्डच नाही. जडसन ब्रह्मदेशात गेले, राइस अमेरिकेत परतले आणि गावोगाव फिरून मंडळ्या जागवल्या. मे १८१४ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन बॅप्टिस्टांचं पहिलं राष्ट्रीय कन्व्हेन्शन भरलं. दोन माणसांचा परदेशातला खर्च कोण करणार, या प्रश्नातून एक आख्खी संघटना उभी राहिली.

आणि उरलेल्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट? ते फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले. त्यांचं अमेरिकन मराठी मिशन पुढे अहमदनगरला रुजलं, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघाला, आणि तुमच्याकडच्या बऱ्याच मराठी घरांची मुळं कुठे ना कुठे याच मिशनमध्ये सापडतील. त्या मिशनच्या मंडळ्या पुढे युनायटेड चर्चमध्ये आणि १९७० साली सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये) गेल्या. म्हणजे तुमच्या मंडळीतल्या मराठी सभासदाला बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन हे आपलं घर वाटत नाही, यात आडमुठेपणा नाही. त्याचं त्या घरात कधी जाणं-येणंच नव्हतं.

तेलुगू घरांचं उलट आहे. अमेरिकन बॅप्टिस्टांचं तेलुगू मिशन १८३६ चं. ते बंद करावं की नाही यावर तिकडच्या सभेत पुन्हा पुन्हा खल झाला. मग १८७६ च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. ओंगोलचे जॉन क्लाव यांनी बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचा एक पट्टा मक्त्याने घेतला आणि हजारो उपाशी माणसांना काम दिलं. दुष्काळ सरल्यावर, ३ जुलै १८७८ ला, एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. तुमच्याकडच्या तेलुगू आजींना हा आकडा विचारून बघा, बहुधा पाठ असेल. १९६२ मध्ये तिथल्या मंडळ्यांचं ‘समावेशम’, म्हणजे कन्व्हेन्शन, झालं. त्या लोकांना कन्व्हेन्शन म्हणजे माहेर. मुंबईत कामाला आले तरी माहेरची ओढ सुटत नाही. तुमच्या कमिटीतला वाद स्वातंत्र्याच्या तत्त्वावरचा कमी आणि माहेर असलेल्या-नसलेल्यांमधला जास्त असावा, असा माझा अंदाज. चुकत असेन तर कळवा.

आता जमिनीकडे परत येतो. या बाबतीत मोठमोठ्यांची कशी दमछाक झाली याचं उदाहरण श्रीरामपूरच.

केरी, मार्शमन आणि वॉर्ड हे तिथले तिघे मिशनरी एका चुलीवर जेवत, एका थैलीत कमाई टाकत. केरींचा फोर्ट विल्यम कॉलेजातला पगार (तिथे ते बंगाली, संस्कृत आणि आपली मराठीही शिकवत, १८०५ चं मराठी व्याकरण आणि १८१० चा मोडी लिपीत छापलेला मराठी कोश त्यांचाच, पंडित वैद्यनाथांच्या मदतीने केलेला), मार्शमन पतिपत्नीच्या शाळांची फी, वॉर्डच्या छापखान्याची मिळकत. यातून त्यांनी घरं, छापखाना, जागा उभ्या केल्या. इंग्लंडातून येणारा पैसा त्यामानाने थोडा. तिकडे सोसायटीचे चिटणीस अँड्र्यू फुलर जिवंत होते तोवर सगळं विश्वासावर चालत होतं. १८१५ मध्ये फुलर गेले. नवी कमिटी आली, तिला कामकाज नीट कागदावर हवं होतं, आणि तिने विचारलं: श्रीरामपूरच्या मालमत्तेचे ट्रस्टी कोण? ती सोसायटीच्या ताब्यात का नाही?

दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. श्रीरामपूरकर म्हणत, कमावलं आम्ही, ठेवलं मिशनसाठीच, मग हिशेब मागणारे तुम्ही कोण? सोसायटी म्हणे, सोसायटीच्या नावाने उभं केलेलं तीन माणसांच्या शब्दावर कसं सोडायचं, ती तिघं गेल्यावर काय? त्यात कलकत्त्याला आलेल्या तरुण मिशनऱ्यांचं या वडीलधाऱ्यांशी पटेना, त्यांनी वेगळी चूल मांडली. त्यांत केरींचा पुतण्याही होता. पत्र जायला पाच-सहा महिने, उत्तर यायला तितकेच, आणि तोवर राग मुरलेला. १८२७ मध्ये श्रीरामपूर आणि सोसायटी वेगळे झाले. समेट व्हायला १८३७ उजाडलं. वॉर्ड त्याआधी चौदा वर्षं गेलेले, केरी तीन वर्षं. ज्यांनी ही सोसायटी जन्माला घातली त्यातला मुख्य माणूस तिच्या बाहेर असताना वारला.

मला विचाराल तर त्या भांडणात लबाड कुणीच नव्हतं, आणि म्हणूनच ते मला जास्त भीतीदायक वाटतं. भल्या माणसांनी ‘आपल्यात कागद कशाला’ म्हटलं, एवढाच दोष. तुमचे पाळकसाहेब आणि कन्व्हेन्शनचे अध्यक्ष आज एकमेकांना भाऊ म्हणतात. दोघे निवृत्त झाल्यावर काय, हे आजच लिहून ठेवा.

आपल्या जवळचं दुसरं उदाहरण घ्या. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सीएनआय स्थापन झाली. सहा संस्था एकत्र आल्या. अँग्लिकन, युनायटेड चर्च, मेथडिस्टांची ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन शाखा, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश मिशनच्या कामातून आलेले उत्तर भारतातले बॅप्टिस्ट. बाळाचा बाप्तिस्मा आणि समजत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य, असा तोडगा काढून बॅप्टिस्टांना आत घेतलं. पण ईशान्येतले आणि तेलुगू बॅप्टिस्ट गेले नाहीत. बिशप आला की मंडळीची सभा दुय्यम होणार, ही त्यांची अडचण होती, असं मला वाटतं. पुढे मालमत्तांवरून ठिकठिकाणी खटले. त्यातला एक गुजरातच्या ब्रेदरन मंडळ्यांचा, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये निकाल लागला. बॅप्टिस्ट नव्हेत, पण धडा आपल्यालाही लागू आहे, कारण कायदा तोच, १९५० चा बॉम्बे पब्लिक ट्रस्ट ॲक्ट (आपल्याकडे आता त्याचं नाव महाराष्ट्र पब्लिक ट्रस्ट ॲक्ट). न्यायालयाच्या म्हणण्याचा सारांश असा की नुसते विलीनीकरणाचे ठराव केल्याने नोंदलेल्या ट्रस्टची मालमत्ता दुसऱ्या संस्थेकडे जात नाही. कायद्याने घालून दिलेली रीत पाळावीच लागते.

ही तलवार दुधारी आहे. तुमचा ट्रस्ट नोंदलेला आहे आणि जागा त्याच्या नावे असेल, तर कुठल्या सभेत कुणी हात वर केले म्हणून ती जाणार नाही. विकायची, बक्षीस द्यायची किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. पण जागा कन्व्हेन्शनच्या नावे झाली, तर हेच कुलूप उलट्या बाजूने लागतं. मग ती तुमच्याकडे परत आणायलाही तीच मंजुरी, तेच वर्षानुवर्षांचे फेरे.

आणि इथे परदेशी पैशाचा प्रश्न जमिनीच्या प्रश्नाला येऊन भिडतो. बहुतेक मंडळ्या इथेच फसतात.

मिशन तुम्हाला म्हणालं असणार, ‘तुमच्याकडे एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी) नाही, कन्व्हेन्शनकडे आहे, त्यांच्या खात्यात पाठवतो, ते तुम्हाला देतील.’ वीस वर्षांपूर्वी असं सर्रास चालायचं. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर हे बंद. कलम ७ प्रमाणे परदेशी देणगी ज्या संस्थेने घेतली तिनेच वापरायची. दुसऱ्या कुणाला, त्याच्याकडे एफसीआरए नोंदणी असली तरी, हस्तांतरित करता येत नाही. देणगी यायची तीही फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात. तेव्हा कन्व्हेन्शनने तो पैसा घेतला तर तो तुमच्या ट्रस्टच्या पासबुकात कायदेशीरपणे उतरूच शकत नाही. मग त्यातून जागा घेतली तर ती कुणाच्या नावे होईल? कन्व्हेन्शनच्याच. त्यांची नियत कितीही साफ असो, दुसरा मार्गच नाही. तुम्ही पुन्हा ‘वापरण्यास दिलेली वास्तू’मध्ये जाऊन बसलात. शिवाय उद्या कन्व्हेन्शनची नोंदणी रद्द झाली, तर त्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता सरकारी प्राधिकाऱ्याच्या ताब्यात जाऊ शकते. तुमचा गुन्हा काही नसताना.

स्वतःची नोंदणी घ्यायची तर ट्रस्टला किमान तीन वर्षं झालेली हवीत आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर पंधरा लाख तरी खर्च झालेला हवा. सहा वर्षं तर तुमची झाली. वर्षाला सरासरी पाच लाख खर्च होतो का, ते खजिनदारांना विचारा. पूर्वपरवानगीचा दुसरा मार्ग आहे, एका ठरावीक देणगीपुरता, पण वेळ लागतो. आणि ‘पाहुणा येऊन पाकिटात देऊन गेला’ हेही परदेशी देणगीच असतं, दानाच्या थैलीत टाकलं तरी. एक बारकावा सांगतो, कारण यावरून हमखास गोंधळ होतो. अमेरिकेत नोकरी करणारा तुमचा भाचा अजून भारतीय पासपोर्टवर असेल आणि आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं आणि हातात ओसीआय कार्ड असलं, की धरतात. मामा तोच, भाचा तोच, नियम वेगळा.

माझं स्पष्ट मत: जागा स्वतःच्या पैशाने घ्या, लहान का होईना. नव्वद सभासदांत होत नाही असं म्हणू नका. मिझोरामच्या बायका रोज भात रांधताना एक मूठ तांदूळ बाजूला काढतात, मंडळी तो गोळा करून विकते, आणि शंभराहून अधिक वर्षं त्यांच्या मिशनला यातून आधार मिळत आलाय. १९१० च्या आसपास सुरू झालेली ही रीत प्रेस्बिटेरियनांतही आहे, बॅप्टिस्टांतही. तुमच्याकडे कापणीच्या सणाला लिलाव होतोच ना? आमच्याकडे एकदा एक दुधी भोपळा अकराशेला गेला होता. घेणाऱ्याने परत दिला, पुन्हा लिलावाला, पुन्हा नऊशेला. त्या भोपळ्याचा विटांमध्ये किती वाटा होता हे अजून हिशेबाच्या वहीत आहे.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल मी कन्व्हेन्शनच्या विरुद्ध आहे. नाही. मी तर म्हणतो जोडून घ्याच. एकट्या मंडळीचं कुठे कुठे अडतं, ते ऑफिसात नाही, दारात कळतं.

लग्नाचं घ्या. १८७२ च्या ख्रिश्चन मॅरेज ॲक्टमध्ये बिशपकडून दीक्षा मिळालेल्या पाळकाला लग्न लावायचा अधिकार थेट आहे. आपल्यात बिशपच नाही, म्हणून बॅप्टिस्ट पाळकाला राज्य सरकारकडून परवाना घ्यावा लागतो. त्या अर्जाबरोबर एखाद्या जुन्या, ओळखीच्या संस्थेचं शिफारसपत्र असलं की काम सरळ होतं. नसलं की ‘ही कुठली मंडळी?’ इथूनच सुरुवात. मयतीचं तर विचारूच नका. मुंबईच्या आसपास कबरस्थानं पंथवार. रात्री अकराला कुणी वारलं, तर सकाळी सातपर्यंत जागा मिळवताना कुणाच्यातरी लेटरहेडची किंमत समजते. मी स्वतः एका घरच्यांबरोबर तीन ठिकाणी फिरलोय. चौथ्या ठिकाणी चिटणीस असोसिएशनच्या सभेतला ओळखीचा निघाला.

पाळकाच्या बाबतीतही तेच. नवा पाळक हवा तर त्याचं मागचं वागणं-बोलणं तुम्हाला कोण सांगणार? भांडण झालं तर दोन्ही बाजूंना ऐकेल असा बाहेरचा वडील माणूस कुठून आणणार? मुलांना सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या कॉलेजात) पाठवायचं, मग पुण्याची यूबीएस (युनियन बिब्लिकल सेमिनरी) असो की श्रीरामपूरच्या सिनेटशी जोडलेली दुसरी एखादी, तिथे मंडळीची ओळख विचारतात. आणि नागपूरची एनसीसीआय (भारतातल्या चर्चांची राष्ट्रीय परिषद) किंवा १९०५ पासूनचं बॅप्टिस्ट वर्ल्ड अलायन्स, यांच्याकडे एकटी मंडळी सभासद होत नाही. कन्व्हेन्शनमधूनच जावं लागतं.

वर्गणीची मात्र पद्धत ठरवा. सदर्न बॅप्टिस्टांनी १९१९ मध्ये पाच वर्षांत साडेसात कोटी डॉलर उभे करायचं ठरवलं. वचनं आली नऊ कोटी वीस लाखांची, हातात पडले पाच कोटी ऐंशी लाख. वचनांच्या भरवशावर संस्थांनी खर्च करून ठेवलेला, सगळ्यांवर कर्ज. त्यातून शहाणे होऊन १९२५ मध्ये त्यांनी कोऑपरेटिव्ह प्रोग्राम काढला: मंडळीने आपल्या दानाचा आपण ठरवलेला टक्का राज्याच्या कन्व्हेन्शनला द्यायचा, त्यांनी आपला भाग ठेवून उरलेला राष्ट्रीय कामाला, आणि त्यातला निम्म्याहून थोडा जास्त परदेशी मिशनला. त्याआधी दर रविवारी वेगवेगळ्या संस्थांचे एजंट पुल्पिटवर येऊन मागत. आपल्याकडे अजूनही येतात, स्लाइड दाखवतात आणि भावुक झालेली मंडळी त्या महिन्याचं पाळकाचं मानधन त्यांनाच देऊन मोकळी होते. रकमेचं नाही, टक्क्याचं ठरवा. आलं तर गेलं, नाही आलं तर कर्ज नाही.

बाहेर पडण्याचं विचारलंत. प्रवेशाचा ठराव लिहितानाच बाहेर पडण्याचा लिहा, लग्नाच्या याद्यांसारखा, दोन्हीकडच्या सह्या घेऊन. त्यात एवढं असू द्या: मंडळी सहकार्यासाठी जोडली जात आहे; ट्रस्टची स्थावर-जंगम मालमत्ता ट्रस्टचीच राहील; ट्रस्टी मंडळीच्या सभेत निवडले जातील, कन्व्हेन्शनचा माणूस पदसिद्ध ट्रस्टी असणार नाही; आणि बाप्तिस्माप्राप्त सभासदांच्या दोन-तृतीयांश बहुमताने, अमुक दिवसांच्या नोटिशीने, नातं संपवता येईल. पदसिद्ध ट्रस्टीच्या कलमावर अडून बसा. कन्व्हेन्शनच्या छापील नमुन्यात ते हमखास असतं आणि वाचताना निरुपद्रवी वाटतं. मग ट्रस्टी बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कचेरीत बदल अर्ज देत जा. कितीतरी मंडळ्यांत आजही शेड्यूल वनच्या (ट्रस्टच्या सरकारी नोंदीच्या) उताऱ्यावर प्रभूकडे गेलेल्यांची नावं ट्रस्टी म्हणून झळकतायत, आणि वाद उभा राहिला की समोरचा वकील पहिल्यांदा तोच उतारा काढतो. तुमचाही या महिन्यात काढून बघा. ठरावाचा मसुदा झाला की धर्मादाय कामाची सवय असलेल्या वकिलाला दाखवा. दिवाणीतला ओळखीचा आहे म्हणून त्याच्याकडे नको.

परदेशातल्या मिशनला उत्तर लिहाल तेव्हा आभार मानून सांगा की आम्ही कन्व्हेन्शनशी जोडून घेत आहोत, पण जागेसाठीचे पैसे आत्ता नकोत. त्यांना द्यायचंच असेल तर कन्व्हेन्शनने ते पाळकांच्या प्रशिक्षणासारख्या, स्वतः चालवत असलेल्या कामावर खर्च करावेत आणि तुमच्या माणसांना तिथे पाठवावं. त्यात तुमचं काही अडकत नाही. चांगलं मिशन असेल तर त्यांना हे पटेल. नाही पटलं, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

बोर्डाचं राहिलं. कन्व्हेन्शनचं नाव लिहायला हरकत नाही, पण मंडळीच्या नावाखाली आणि ‘संलग्न’ हा शब्द घालून. वरती ट्रस्टचं नाव, नोंदणी प्रमाणपत्रावर आहे अगदी तसं, वेलांटी-उकारासकट. एका मंडळीने बोर्डावर ‘बॅप्टिस्ट’ आणि प्रमाणपत्रावर ‘बाप्टिस्ट’ ठेवलं होतं. बँकेत खातं उघडायला त्यांना चार महिने लागले.